मोडशी : एका शब्दाचा प्रवास

‘कॉलरा’ हा शब्द आपल्या इतका परिचयाचा आहे की त्याचे मूळ शोधावे असे सहसा कोणाला वाटत नाही. ग्रीक भाषेत ‘खोले’ म्हणजे पित्त. हिपोक्रेटिसच्या परंपरेत उलट्या-जुलाबांच्या विकाराला त्यावरून नाव पडले आणि लॅटिनमार्गे ते इंग्रजीत रुजले. १८८४ साली रॉबर्ट कॉखने कलकत्त्यात या रोगाचा जंतू ओळखला. पित्त निर्दोष ठरले, पण नाव पित्ताचेच राहिले.

याच रोगाला इंग्रजीत पूर्वी आणखी एक नाव होते आणि त्याचे माहेर आपल्या भूमीत आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला. १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या संवादग्रंथात त्याने या विकाराचे एतद्देशीय नाव ‘मोर्शी’ असे नोंदवले. हीच आपली मोडशी! पोर्तुगीजांनी तिचे ‘मोर्देशी’ केले, तर फ्रेंचांना त्यात ‘मोर द शियँ’, म्हणजे ‘कुत्र्याचे मरण’ ऐकू आले. अठराव्या शतकातील इंग्रजांनीही तेच रूप उचलले. अखेर १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशाने या शब्दाचे मूळ कोकणी-मराठी ‘मोडशी’त आणि ‘मोडणे’ या क्रियापदात दाखवले. ‘अंग मोडून आले’ असे आपण आजही म्हणतोच. रोग्याला आतून मोडून टाकणारा तो विकार, इतका साधा अर्थ. परंतु परक्या कानांनी त्याचा कुत्रा केला.

ही केवळ भाषेची गंमत नव्हे. पेडणे आणि डिचोलीच्या खेड्यांतील वयस्कर रुग्ण आजही माझ्यापुढे ‘मोडशी झाली’ असे सांगत येतात. कोणाला त्यातून साधे अपचन सुचवायचे असते, कोणाला रात्रभराचे उलटी-जुलाब. जुलाब किती झाले, लघवी झाली का, जीभ कोरडी पडली आहे का, हे न विचारता आपण तत्काळ ‘ॲसिडिटी’ लिहून मोकळे झालो, तर शरीरातील पाणी आटत चाललेला रुग्ण आम्लपित्ताची गोळी घेऊन घरी जाईल. ऐकण्यातील चूक कोशात हास्यास्पद ठरते. दवाखान्यात ती जिवावर बेतू शकते.

म्हणून माझे आग्रहाचे मत आहे की रुग्णाची तक्रार प्रथम त्याच्याच शब्दांत, देवनागरीत, केसपेपरवर उतरवावी. निदानाचे इंग्रजी नाव त्याखाली यावे. शब्द मराठी की कोकणी, हा वाद तेथे अप्रस्तुत आहे. वेदना रुग्णाची, म्हणून शब्दही त्याचाच. आपल्या संस्थेने पेडणे, डिचोली व सत्तरी भागांतील असे शब्द परिचारिका आणि वडीलधाऱ्यांच्या साहाय्याने संकलित करून नव्या डॉक्टरांच्या हाती द्यावेत. साडेचार शतकांपूर्वी एका परकीय वैद्याने आपल्या लोकांचा शब्द कान देऊन ऐकला आणि टिपून ठेवला. आपल्याला तर तो मायबोलीतच ऐकायला मिळतो. तेवढा कान आपण द्यायलाच हवा.