मज्जारज्जूची इजा आणि आहार: रुग्णालयानंतरचा दुर्लक्षित उपचार

दरवर्षी 5 सप्टेंबर हा दिवस जगभर मज्जारज्जू इजा दिन म्हणून पाळला जातो. 2016 मध्ये सुरू झालेल्या या दिनाचा भर अपघात टाळण्यावर आणि जखमींच्या पुनर्वसनावर असतो. भारतात 2018 पासून साधारण याच सुमारास राष्ट्रीय पोषण माहही साजरा होतो. त्याचा रोख प्रामुख्याने गरोदर व स्तनदा माता, किशोरी आणि बालके यांच्याकडे असतो. या दोन्ही उपक्रमांत एक प्रश्न मात्र फारसा चर्चेत येत नाही. मज्जारज्जूला इजा झालेल्या व्यक्तीने रुग्णालयातून घरी आल्यावर काय खावे आणि ते अन्न तिला मिळावे यासाठी कोणती व्यवस्था आहे?

राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील गुरुग्राममध्ये हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो. उंचावरून पडणे आणि रस्ते अपघात ही मज्जारज्जूच्या इजेची प्रमुख कारणे होत. बहुमजली इमारतींची अखंड बांधकामे आणि द्रुतगती महामार्गांवरील वेगवान वाहतूक यांमुळे या शहरात ही दोन्ही कारणे हजर आहेत. उपचारांची मात्र येथे वानवा नाही. शहरात मोठी खासगी रुग्णालये आहेत आणि दिल्लीच्या हद्दीत, वसंत कुंज येथे, इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटर ही संस्था आहे. 1965 मध्ये एव्हरेस्ट सर करणारे आणि त्याच वर्षीच्या भारत-पाक युद्धात गोळी लागून चाकाच्या खुर्चीला खिळलेले मेजर एच. पी. एस. अहलुवालिया यांनी ती स्थापन केली. शस्त्रक्रिया, व्यायामोपचार आणि चाकाची खुर्ची यांबाबत अशा ठिकाणी मार्गदर्शन मिळते. खरी कसोटी रुग्ण घरी परतल्यावर लागते.

शरीराची बदललेली गरज

मज्जारज्जूला इजा झाल्यावर इजेच्या खालच्या भागातील स्नायूंची हालचाल थांबते व ते झपाट्याने क्षीण होतात. शरीरातील उष्मांक खर्च करण्याचे मोठे काम स्नायूच करीत असल्याने एकूण गरज घटते. प्रचलित वैद्यकीय मार्गदर्शनानुसार, पुनर्वसनाच्या काळात कमरेखाली लुळेपणा आलेल्या व्यक्तीला दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे 28, तर चारही अवयव बाधित झालेल्या व्यक्तीला सुमारे 23 उष्मांक पुरतात. म्हणजे 60 किलो वजनाच्या व्यक्तीची गरज अनुक्रमे 1,700 आणि 1,400 उष्मांकांच्या आसपास येते. इजेपूर्वी अंगमेहनत करणाऱ्या मजुराच्या गरजेपेक्षा हे प्रमाण पुष्कळच कमी आहे.

प्रथिनांची गरज मात्र कमी होत नाही. संवेदना हरपलेल्या त्वचेवर सतत दाब पडून होणाऱ्या जखमा, म्हणजे बेडसोअर, हा या रुग्णांपुढील सर्वांत मोठ्या धोक्यांपैकी एक आहे. जखम चिघळून जंतुसंसर्ग रक्तात पसरल्यास तो जिवावर बेततो. निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रथिने पुरेशी असल्याचे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांनी 2020 मध्ये नमूद केले आहे. अशी जखम झालेल्या रुग्णासाठी मात्र आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे 1.25 ते 1.5 ग्रॅम प्रथिनांची शिफारस करतात. 60 किलो वजनाला हे प्रमाण 75 ते 90 ग्रॅम होते. जखम भरून येण्याच्या काळात उष्मांकही वाढवावे लागतात.

थोडक्यात, धान्य व स्निग्ध पदार्थ बेताने आणि डाळी, दूध, अंडी यांसारखे पदार्थ पुरेसे, असे या आहाराचे सूत्र आहे. घरोघरी घडते ते बहुधा याच्या उलट. आजाऱ्याच्या अंगात ताकद यावी म्हणून तूप, पराठे, गोडधोड यांचा आग्रह होतो. पुढे वजन वाढले की खुर्चीतून पलंगावर स्वतःला उचलून नेणे कठीण होते, कुटुंबीयांवरील भार वाढतो आणि मधुमेह व हृदयविकाराचा धोका बळावतो. स्नायूंच्या जागी चरबी साठत असल्याने नेहमीच्या मोजमापाने सडपातळ दिसणारी व्यक्तीही प्रत्यक्षात स्थूल असू शकते.

पाणी आणि तंतुमय पदार्थ

पाण्याचे गणितही वेगळे आहे. अनेक रुग्णांना दर चार ते सहा तासांनी नळीद्वारे मूत्राशय रिकामे करावे लागते. पाणी कमी प्यायल्यास मूत्रमार्गाचा संसर्ग व मुतखडा यांचा धोका असतो. एकाच वेळी फार प्यायल्यास मूत्राशयावर ताण येतो. त्यामुळे ठरावीक अंतराने, मोजून पाणी पिणे इष्ट ठरते. बाहेर वापरण्याजोगे स्वच्छतागृह नसल्यास मात्र पाणीच टाळले जाते. मानेजवळ किंवा छातीच्या वरच्या भागात इजा असल्यास घाम येण्याची क्रियाही बिघडते. राजधानी क्षेत्रातील पारा 40 अंशांपलीकडे जातो, तेव्हा ही टाळाटाळ अधिकच घातक ठरते.

बद्धकोष्ठतेवर भरपूर कोंडा व पालेभाज्या हा सरसकट सल्लाही येथे लागू पडत नाही. आतड्यांची गती मंदावलेली असल्याने तंतुमय पदार्थ दिवसाला सुमारे 15 ग्रॅमपासून सुरू करून, परिणाम पाहत वाढवावेत, असे वैद्यकीय मार्गदर्शन आहे. कॅल्शियमच्या गोळ्याही मनाने घेऊ नयेत. इजेनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत हाडांतील कॅल्शियम झिजून लघवीवाटे बाहेर पडत असते.

शिधा आणि गरज यांतील अंतर

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, 2013 नुसार प्राधान्य गटातील व्यक्तीस दरमहा 5 किलो धान्य मिळते. जानेवारी 2024 पासून पाच वर्षांसाठी ते मोफत आहे आणि स्थलांतरित मजुराला ते देशात कोठेही घेता येते. ही तरतूद मोलाची आहे. तथापि 5 किलो गहू म्हणजे दिवसाला सुमारे 165 ग्रॅम. त्यातून 500 ते 550 उष्मांक आणि जेमतेम 17 ग्रॅम प्रथिने मिळतात. जखम झालेल्या रुग्णाला उरलेली किमान 58 ग्रॅम प्रथिने बाजारातून विकत घ्यावी लागतात आणि नेमकी तेव्हाच घरातील कमाई थांबलेली असते.

आयुष्मान भारत योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण आहे. घरी पाठवल्यानंतरचा खर्च मात्र 15 दिवसांपुरताच त्यात बसतो. बेडसोअरचा धोका आयुष्यभराचा असतो. दारिद्र्यरेषेखालील, 80 टक्के अपंगत्व असलेल्या प्रौढासाठी राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेतील केंद्राचा वाटा दरमहा 300 रुपये आहे. राज्ये त्यात आपापली भर घालतात.

या तुलनेत सैन्यदलाचे उदाहरण बोलके आहे. पुण्याजवळ खडकी येथे 1974 मध्ये स्थापन झालेल्या पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्रात जायबंदी जवानांचा निवास, उपचार आणि भोजन यांची सोय एकाच आवारात आहे. तेथे आहार हा उपचारांपासून वेगळा पडत नाही. इमारतीवरून पडलेल्या बांधकाम मजुराच्या वाट्याला अशी व्यवस्था येत नाही.

उपाय फार खर्चिक नाहीत. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 च्या कलम 24 नुसार सामाजिक सुरक्षा योजनांतील साहाय्य दिव्यांगांना इतरांपेक्षा किमान 25 टक्के अधिक असावे, असे बंधन आहे. शिध्याच्या बाबतीत ही वाढ गव्हाऐवजी डाळीच्या रूपाने देण्याचा विचार राज्यांना करता येईल. घरी पाठवताना औषधांच्या चिठ्ठीसोबत स्थानिक भाषेतील आहारपत्रक देणे आणि काही महिन्यांनी आहारतज्ज्ञाने वजन व त्वचेची तपासणी करणे, हेही सहज शक्य आहे. महाराष्ट्रातील उसळ, पिठले आणि ताक किंवा हरियाणातील दही व हरभरा हे पदार्थ परके नाहीत. प्रश्न प्रमाण ठरवण्याचा आणि ते ताटात पडेल अशी तजवीज करण्याचा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगात दीड कोटींहून अधिक लोक मज्जारज्जूच्या इजेसह जगत आहेत. अशा व्यक्तींना अकाली मृत्यूचा धोका इतरांच्या दुपटीपासून पाचपटीपर्यंत असतो आणि गरीब देशांत तो अधिक असतो. शस्त्रक्रियेने वाचवलेला जीव घरातील खाटेवर टाळता येण्याजोग्या जखमेने जात असेल, तर उपचार अपुरा राहिला असेच म्हणावे लागेल.