राजीनामा, जबाबदारी आणि नंबिके

आपल्या भागातल्या अनेक घरांत दोन भाषा एकाच चुलीवर शिजतात. मराठीत आपण ‘राजीनामा’ म्हणतो, कानडीत ‘राजीनामे’. मराठीत ‘जबाबदारी’, कानडीत ‘जवाबदारी’. हे शब्द फारसीच्या वाटेने दोन्ही घरी आले आणि घरचेच झाले. ज्याला जबाब द्यावा लागतो तो जबाबदार, इतका साधा हा अर्थ. मंत्र्यांच्या बाबतीत मात्र तो हरवत चालला आहे.

राज्यशास्त्र शिकवताना मंत्र्यांची जबाबदारी हा भाग दरवर्षी येतो. हल्ली तो सुरू केला की मागच्या बाकांवरून हसू ऐकू येते. ‘सर, परीक्षेपुरतं सांगा,’ असे एकाने सरळच म्हटले. मी रागावलो नाही. पण विशीतल्या मुलाचा लोकशाहीवरचा विश्वास असा उडालेला पाहणे जड जाते. मग मी पुस्तक मिटून दोन जुनी प्रकरणे सांगतो.

पहिले नोव्हेंबर १९५६ चे. आपला जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात जाऊन तीनच आठवडे झाले होते. तेव्हाच्या मद्रास राज्यात अरियलूरजवळ रेल्वेचा भीषण अपघात होऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. रेल्वेमंत्री लालबहादूर शास्त्री यांनी राजीनामा दिला. त्याआधी सप्टेंबरमध्ये महबूबनगरच्या अपघातानंतरही त्यांनी तो देऊ केला होता, पण पंडित नेहरूंनी स्वीकारला नव्हता. या वेळी स्वीकारला. शास्त्रीजींचा स्वतःचा दोष नाही, पण घटनात्मक औचित्य पाळले पाहिजे, अशी नेहरूंची भूमिका होती.

दुसरे मुंदडा प्रकरण. १९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांत सुमारे सव्वा कोटी रुपये गुंतवले. विमा उतरवलेल्या सामान्य माणसांचा हा पैसा. लोकसभेत प्रश्न लावून धरला फिरोज गांधी यांनी. ते सत्ताधारी पक्षाचेच खासदार आणि पंतप्रधानांचे जावई. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांच्याकडे चौकशी सोपवली गेली. ती लोकांसमोर, उघडपणे झाली आणि महिनाभरात आटोपलीही. व्यवहार सचिवांनी केला, असे अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांचे म्हणणे होते. सचिवाच्या कृतीची जबाबदारी मंत्र्याला टाळता येणार नाही, असा निष्कर्ष छागलांनी काढला. फेब्रुवारी १९५८ मध्ये कृष्णमाचारी पायउतार झाले.

यावर मुले हटकून विचारतात, ‘पण सर, दोघेही परत आलेच ना?’ आले. शास्त्रीजी १९५७ मध्ये पुन्हा मंत्री आणि १९६४ मध्ये पंतप्रधान झाले. कृष्णमाचारी १९६३ मध्ये पुन्हा अर्थमंत्री झाले. मी म्हणतो, राजीनामा ही शिक्षा नव्हेच. माझ्या खुर्चीची सावली चौकशीवर पडू नये, एवढेच त्यातून सांगायचे असते. गुन्हा कोर्टात सिद्ध व्हावा लागतो. जबाबदारी खुर्चीवर बसताक्षणी सुरू होते. आज ‘आधी आरोप सिद्ध करा’ असे म्हणणारे नेते या दोन गोष्टींची सोयीस्कर सरमिसळ करतात.

आपल्या कर्नाटकाचेच पाहा. १९८४ च्या कायद्याने इथे लोकायुक्त आले. जुलै २०११ मध्ये न्यायमूर्ती संतोष हेगडे यांचा बेकायदा खाणकामावरचा अहवाल आला आणि मुख्यमंत्री येडियुरप्पांना पद सोडावे लागले. पुढे २०१६ मध्ये सीबीआयच्या विशेष न्यायालयाने त्यांना लाचेच्या प्रकरणात निर्दोष ठरवले. वर्गात मी दोन्ही गोष्टी सांगतो. एकच सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. निकालाला पाच वर्षे लागली, तर दोषी माणूस तेवढा काळ मोकळा फिरतो आणि निर्दोष माणूस तेवढा काळ डाग घेऊन जगतो. दोन्हीकडून नुकसान लोकांच्या विश्वासाचे. त्याच २०१६ मध्ये भ्रष्टाचाराच्या तपासाचे अधिकार लोकायुक्तांकडून काढून सरकारच्या हाताखालच्या नव्या विभागाला दिले गेले. उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये तो विभाग रद्द करून ते अधिकार लोकायुक्तांना परत दिले. चौकशी करणारा कोणाच्या हाताखाली आहे, यावर सगळे अवलंबून असते.

आता थोडे आपल्याबद्दल. भ्रष्टाचार दुसऱ्या भाषेच्या पुढाऱ्याचा असला की आपल्याला तो लगेच दिसतो. आपल्या भाषेचा असला की ‘काहीही असो, माणूस आपला आहे’ म्हणून पदर घालतो. मराठी घरात हे चालते, कानडी घरातही. ज्या घरात दोन्ही भाषा आहेत, त्यांना तरी हे ढोंग ओळखता यायला हवे. गटारासाठी आलेला पैसा खाल्ला गेला, तर तुंबलेले पाणी भाषा विचारून घरात शिरत नाही.

सुवर्ण विधानसौध २०१२ पासून आपल्या दाराशी उभे आहे. अधिवेशनात आपल्या आमदाराने किती प्रश्न विचारले, हे विचारून पाहा. वॉर्डातल्या कामाचा हिशेब हवा असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत करता येतो. शाल-श्रीफळ देण्याआधी एखादा प्रश्न विचारायला काय हरकत आहे?

मराठीतल्या ‘विश्वासा’ला कानडीत ‘नंबिके’ म्हणतात. हा शब्द मात्र दोन्हीकडे सारखा नाही. पण ज्याला कधी जबाबच द्यावा लागत नाही, त्याच्यावर तो कुठल्याही भाषेत ठेवता येत नाही. मागच्या बाकावरचा तो मुलगा पुढच्या निवडणुकीत पहिल्यांदा मतदान करील. तोवर त्याचे हसू थांबवणे माझ्या एकट्याच्या हातात नाही.