लाडकी गाडी आणि तिची दुखणी

२०२५च्या दसऱ्याला चार दिवस असताना भिशीतल्या मैत्रिणीचा फोन आला. "अगं, मोठ्या गाड्यांवरचा कर उतरलाय म्हणे. आमचे हे एकदाचे तयार झालेत. तुझ्यासारखीच घेऊ का? तू म्हणशील तसं!"

आणि मी पटकन म्हणून गेले, "छान आहे की गं."

फोन ठेवला आणि माझंच मला हसू आलं. नवीन लग्न झालेली मुलगी पहिल्यांदा माहेरी आली की आई विचारते, कसं चाललंय? मुलगी म्हणते, छान. तसलंच हे 'छान'. कारण ज्या गाडीचं मी कौतुक करत होते, ती दीड वर्षात पाच वेळा कोल्हापूरच्या सर्व्हिस सेंटरला राहून आली होती.

कर उतरला ही गोष्ट खरी. २२ सप्टेंबर २०२५पर्यंत मोठ्या एसयूव्हीवर २८ टक्के जीएसटी आणि वर २२ टक्क्यांपर्यंत सेस, असा पन्नास टक्क्यांच्या घरात कर होता. तो सरसकट ४० टक्के झाला. छोट्या गाड्यांवरचा १८ टक्क्यांवर आला. त्या दसऱ्या-दिवाळीला गारगोटीसारख्या आमच्या तालुक्याच्या गावातही हार घातलेल्या गाड्या दिसायला लागल्या. भाव किती उतरला, याची चर्चा पानाच्या टपरीपासून हळदीकुंकवापर्यंत झाली. घेतल्यावर गाडी बिघडली तर काय, हे मात्र कुणी विचारत नव्हतं. मी तरी कुठे विचारलं होतं?

माझी गाडी फोर बाय फोर आहे. चारही चाकांना ताकद जाणारी, डिझेलची, चार सीटची. कंपनीचं नाव लिहीत नाही, नाव छापून माझी अडचण काही सुटणार नाही. २०२४च्या गुढीपाडव्याला ती दारात आली. आरसी बुकावर नाव माझं, कर्जाचा हप्ता माझ्या पगारातून. माझं माहेर पाटगावच्या पुढे, डोंगराच्या कुशीत. पंचवीस वर्षं मी तिथे वडापनं गेले. मागच्या फळीवर, मांडीवर पिशवी, पायाशी कुणाची तरी कोंबडी. शेवटची तीन किलोमीटर चालत. पावसाळ्यात त्या वाटेनं वडापवालाही यायचा नाही. आई तिथे एकटी राहते, वय ७८, आणि गारगोटीला येऊन राहा म्हटलं की म्हशीचं कारण सांगते. म्हणून सेहेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकले, आणि दोन वर्षांनी ही घेतली. पहिल्यांदा ती चिखलाची चढण एका दमात चढले तेव्हा अंगणात उभ्या आईनं तोंडाला पदर लावला. तो क्षण आठवला की गाडीचे सगळे गुन्हे माफ करावेसे वाटतात. नेमकं तिथेच चुकतं.

पहिल्याच पावसाळ्यात, जुलैमध्ये, समोर एक पिवळा दिवा लागला आणि गाडी लंगडी घालायला लागली. खरंच, याला इंग्रजीत लिंप मोडच म्हणतात! ॲक्सिलरेटर कितीही दाबा, गाडी आपल्या चालीनं रांगते. इंजिनाला इजा होऊ नये म्हणून गाडीतल्या कॉम्प्युटरनेच घेतलेला तो निर्णय असतो.

सर्व्हिस सेंटरला मी आणि आमचे हे गेलो. तिथल्या मुलानं सगळं माझ्याकडून ऐकून घेतलं आणि उत्तर ह्यांना दिलं. "सर, मॅडम गाडी पळवत नाहीत. युसेजचा प्रॉब्लेम आहे." आमच्या ह्यांना क्लच कुठला आणि ब्रेक कुठला हे अजून माहीत नाही. ते गंभीरपणे मान हलवत होते. फिल्टर साफ करण्याचे साडेतीन हजार भरून आम्ही परत आलो. ऑगस्टमध्ये पुन्हा तेच, पुन्हा साडेतीन हजार. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत तिसऱ्यांदा.

युसेज म्हणजे काय, हे मला शेवटी गारगोटीच्या जुन्या मिस्त्रींनी समजावलं. "वहिनी, चुलीचं धुराडं असतंय न्हवं? जाळ नीट लागला न्हाई की काजळी धरतंय. ह्या गाडीच्या बुडाला तसलंच धुराडं बसवलंय."

१ एप्रिल २०२०पासून देशात बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम आले. तेव्हापासून नव्या डिझेल गाड्यांच्या धुरांड्यात डीपीएफ नावाची एक गाळणी असते. काळा धूर तिच्यात अडकतो. आपल्या लेकराबाळांच्या छातीत तो जाऊ नये म्हणूनच ती आहे, त्यामुळे तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण अडकलेली काजळी जाळावी लागते. त्यासाठी गाळणीत साधारण ६०० अंशांची उष्णता लागते, आणि ती यायला गाडी एका लयीत, बऱ्या वेगानं, पंधरा-वीस मिनिटं तरी पळावी लागते. माझी शाळा घरापासून सहा किलोमीटर. त्यात तीन गतिरोधक आणि एक आठवडी बाजार. काजळी जळणार कधी?

गंमत बघा. जाहिरातीत ही गाडी दगडगोट्यांतून, नदीतून, चिखलातून जाताना दाखवतात. आपण ती चिखलासाठीच घेतो. आणि तिची तब्येत राहायला तिला न्यावं लागतं गुळगुळीत हायवेवर! माहितीच्या जाडजूड पुस्तकात हे लिहिलेलं आहे, मी नंतर शोधून काढलं. पण चावी देताना पेढा दिला, फोटो काढला, चाकाखाली लिंबू ठेवलं. एवढी एक गोष्ट सांगायला मात्र कुणी तोंड उघडलं नाही. रोजचं जाणंयेणं किती, हा एक प्रश्न विक्री करणाऱ्यानं विचारला असता तर मी कदाचित पेट्रोलची घेतली असती.

इथपर्यंत ठीक होतं. चूक निम्मी माझी, असं मी मान्यही केलं आणि तवंदी घाटापर्यंत फेऱ्या मारायला लागले. तरीही जुलै २०२५मध्ये ती रात्र आली.

आईला ताप होता, श्वास लागत होता. रात्री नऊ वाजता तिला मागच्या सीटवर घेतलं, शेजारच्या काकी धरून बसल्या. पाऊस असा की वायपरचा उपयोग नाही. पाटगाव यायच्या आतच दिवा लागला आणि गाडी रांगायला लागली. दोनच दिवसांपूर्वी मी तिला हायवेवर पळवून आणलं होतं. बंद करून पुन्हा चालू करायची हिंमत झाली नाही, नाहीच झाली चालू तर? एरवी तासाचा रस्ता त्या रात्री अडीच तासांचा झाला. आई मागून क्षीण आवाजात म्हणाली, "बैलगाडी बरी हुती गं. बैलाला चुचकारता तरी येत हुतं." दवाखान्यात न्यूमोनियाची सुरुवात निघाली. चार दिवसांत आई बरी होऊन घरी आली. पण त्या अडीच तासांत मी गाडीला जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही.

दवाखान्यात बसल्या बसल्या मी वही काढली. शिक्षकीची सवय, दुसरं काय! पहिल्या दिवसापासून दुधाच्या वहीच्या मागच्या पानांवर डिझेल, किलोमीटर आणि दिवा लागल्याची तारीख मी लिहीत आले होते. मुलांच्या वह्या तपासायच्या पेन्सिली पर्समध्ये होत्याच. पावसातले दिवे निळ्यानं खुणावले, कोरड्या दिवसांतले लाल रंगानं. लाल खूण एकच होती, फेब्रुवारीतली, परीक्षांच्या धांदलीत हायवेची फेरी चुकली तेव्हाची. बाकी सगळं निळं. काजळीला पाऊस कसा कळतो?

ऑगस्टमध्ये पाचव्यांदा गेले, एकटी. या खेपेला सल्लागार मुलाशी न बोलता वही सरळ टेक्निशियनच्या हातात दिली. विशीतला मुलगा. त्यानं दोन मिनिटं पानं पाहिली आणि म्हणाला, "काकू, थांबा." गाळणीत काजळी किती आहे हे मोजणारा एक सेन्सर असतो. त्याचा वायरचा जोड उघडला तर आत हिरवी बुरशी आल्यासारखं तांबं गंजलेलं. पावसाचं पाणी आत जायचं, सेन्सर खोटं सांगायचा की गाळणी तुंबली आणि गाडी लंगडी घालायची.

म्हणजे दिवा एकच, आजार दोन. एक माझ्या वापराचा, एक त्यांच्या जोडणीचा. पहिल्याच भेटीत 'मॅडम पळवत नाहीत' असं ठरून गेलं, त्यामुळे दुसरा शोधायची गरजच कुणाला वाटली नाही. दवाखान्यात बाईनं काहीही सांगितलं की टेन्शन घेऊ नका म्हणतात ना, तसंच.

आता कायद्याचं. आपण नव्या गाडीला लिंबू-मिरची बांधतो, अमेरिकेत बिघडक्या नव्या गाडीलाच लिंबू म्हणतात. तिथल्या कनेक्टिकट राज्यात १९८२ साली पहिला 'लेमन लॉ' झाला, मग इतर राज्यांत. तोच दोष ठरावीक वेळा दुरुस्त करूनही राहिला, किंवा गाडी ठरावीक दिवस गॅरेजातच पडून राहिली, तर कंपनीनं ती बदलून द्यायची नाहीतर पैसे परत करायचे. आपल्याकडे असा आकडा सांगणारा कायदा नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००६मध्ये एका कारच्या प्रकरणात म्हटलं की वॉरंटीत दोष असलेला भाग दुरुस्त करणं किंवा बदलणं येतं, अख्खी गाडी बदलणं नव्हे. ग्राहक आयोगांनी गाडी बदलून द्यायला सांगितल्याची प्रकरणं आहेत, पण त्यासाठी दोष मुळातलाच आहे हे सिद्ध करावं लागतं, बहुतेक वेळा तज्ज्ञाच्या अहवालानं. तो आणायचा कुठून, हा तालुक्याच्या ठिकाणचा खरा प्रश्न.

तरी अगदीच हात रिकामे नाहीत. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२०पासून लागू झाला. त्याप्रमाणे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, कंपनीच्या गावाला जावं लागत नाही. वस्तूची किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. पाच लाखांपर्यंत फी नाही, दहा ते वीस लाखांच्या गाडीला ४०० रुपये. वकील लावलाच पाहिजे असं नाही. मुदत मात्र दोन वर्षांची, आणि 'बघू, दिवाळीनंतर' म्हणत आपण ती सहज घालवतो. त्याआधीची पायरी म्हणजे १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर. तिथे मराठीतही बोलता येतं.

मी तिथेच फोन केला. आठवड्याभरात कंपनीचा माणूस बोलायला लागला, आणि पावसातल्या दोन बिलांचे सात हजार परत आले. फेब्रुवारीचं बिल माझंच होतं, ते मी मागितलंही नाही. वायरिंगचा तो भाग वॉरंटीत बदलून मिळाला. पण कागदावर लिहून काय आलं? 'गुडविल'. म्हणजे चूक आमची नाही, मॅडम चांगल्या म्हणून दिले! हा शब्द गोड वाटतो, पण त्यामुळे दोषाची नोंद कुठेच राहत नाही. माझ्या पाचही जॉब कार्डांपैकी तिघांवर 'जनरल चेकअप' एवढंच लिहिलंय. लंगडी नाही, पाऊस नाही, काही नाही. उद्या आयोगात गेले असते तर दाखवलं काय असतं? आता मी माझं वाक्य माझ्याच शब्दांत लिहून घेतल्याशिवाय सही करत नाही. मुलं कंटाळतात. कंटाळू देत.

नोंदीचं महत्त्व दुसऱ्याही कारणानं आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीनं सरकारला सदोष गाड्या परत बोलवायला लावण्याचा अधिकार मिळाला, आणि १ एप्रिल २०२१पासून त्याचे नियम लागू झाले. सात वर्षांच्या आतल्या गाड्यांच्या तक्रारी परिवहन खात्याच्या पोर्टलवर नोंदवता येतात. एकाच मॉडेलच्या ठरावीक इतक्या तक्रारी जमल्या की चौकशी. पण तक्रारी जमणार कशा? पुण्या-मुंबईतला मालक कदाचित नोंदवेल. आमच्याकडे गाडी बिघडली हे सांगणंच कमीपणाचं. सासरचा पसारा झाकावा तशी आपण गाडीची दुखणी झाकतो, वर लोक म्हणणार, 'बाईनं चालवली, मग काय होणार!' मी तक्रार नोंदवली. पुढे काही हालचाल झाल्याचं अजून तरी कळलेलं नाही.

नव्या वायरिंगनंतर पावसातला दिवा लागलेला नाही. एकदा कोरड्यात लागला होता, तो माझ्या आळशीपणाचा. विकून टाक, असं लेक पुण्याहून सांगते. विचार केला नाही असं नाही. पण ती चढण दुसरी कुठली गाडी चढत नाही, आणि आई अजून म्हशीचं कारण सांगतेच आहे. आता पाटगावला निघताना दोर, टॉर्च आणि भरलेला फोन गाडीत असतो, आणि पावसाळ्यात अंधार पडायच्या आत खाली उतरते.

हायवेची फेरी शुक्रवारी ठरलेली. शाळा सुटली की निपाणी, तिथून तवंदी घाट आणि परत. डिझेल जळतंच आहे तर एकटीनं कशाला, म्हणून भिशीतल्या मैत्रिणी यायला लागल्या. निपाणीत चहा, थोडी खरेदी, आणि काजळीही जळते.

त्या मैत्रिणीला मी दुसऱ्या दिवशी उलटा फोन केला. म्हटलं, ते 'छान' जरा बाजूला ठेव. शुक्रवारी माझ्याबरोबर ये, पुढच्या सीटवर बस आणि जाताना वही वाच. रोज किती किलोमीटर जाणार आहेस ते आधी मोज. ती म्हणाली, "जाऊबाईंनाही आणू का?"

मग तिघी झाल्या, चौथी मी. पाचवीला जागा नाही, हेही वहीत लिहून ठेवलंय.