निवडुंगांना एकच फलक नको

शाळेच्या बागेत नावांचे फलक लावण्याचे ठरले आहे. काटेरी कुंड्यांच्या रांगेला 'निवडुंग' असा एकच फलक पुरे, अशी सूचना आली. खर्च वाचेल हे खरे, तरीही ती आम्हाला मान्य नाही.

निवडुंग या नावाखाली आपल्याकडे दोन निराळी कुळे नांदतात. फड्या निवडुंग हा अमेरिका खंडातून आलेला खरा कॅक्टस. त्रिधारी निवडुंग मात्र युफोर्बिया, म्हणजे एरंडाच्या कुळातला. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातले; तिकडे पहिल्याला नागफनी आणि दुसऱ्याला थूहर म्हणतात. कन्नडमधला 'कळ्ळी' हा शब्द मात्र आपल्या निवडुंगासारखाच दोघांनाही चालतो.

हा फरक केवळ परीक्षेपुरता नाही. युफोर्बियाचा पांढरा चीक डोळ्यात गेल्यास गंभीर इजा होऊ शकते, आणि मधल्या सुट्टीत काहीतरी मोडून पाहणारे हात आम्हाला चांगले ठाऊक आहेत! विद्यार्थी मित्रांनो, कॅक्टसचे काटे बारीक लव असलेल्या, उशीसारख्या ठिपक्यातून निघतात. त्या ठिपक्याला एरिओल म्हणतात. युफोर्बियाला तो नसतो. नुसत्या चिकावरून ओळखू नका. मॅमिलेरियाच्या काही जातींतही दुधासारखा चीक असतो.

नावांच्या गोष्टी तर फारच मजेदार आहेत. 'सीरियस' म्हणजे लॅटिनमध्ये मेणबत्ती. त्याचे उभे खांब पाहिले की पटते. 'मॅमिलेरिया' हे नाव अंगावरच्या बोंडांसारख्या उंचवट्यांवरून पडले. 'एकायनोकॅक्टस'मधला 'एकायनोस' म्हणजे ग्रीक भाषेत साळू किंवा समुद्रातला काटेरी जीव. फड्याचे शास्त्रीय नाव 'ओपन्शिया' हे ग्रीसमधल्या ओपस नगरावरून आले, जिथे हे झाड पूर्वी असणे शक्यच नव्हते. 'कॅक्टस' हे नावही सिसिलीतल्या एका काटेरी रोपाचे. लिनियसने 1753 मध्ये ते या अमेरिकन पाहुण्यांना देऊन टाकले. ओळखीचे नाव अनोळखी झाडाला देण्याची खोड फक्त आपलीच नव्हे. 'फड्या' आणि 'नागफनी' ही नावे आम्हाला त्याहून सरस वाटतात. दोन्ही भाषांना त्या झाडात नागाचा फणाच दिसला.

आपल्या घरी रात्री फुलणारे ब्रह्मकमळ हाही कॅक्टसच. 'एपिफायलम' म्हणजे पानावरचे. पण ज्याला आपण पान समजतो ते चपटे खोड असते. हिमालयातले ब्रह्मकमळ निराळे, सूर्यफुलाच्या कुळातले.

फलक म्हटला की आपल्या भागात भाषेचा विषय निघतोच. प्रत्येक कुंडीवर मराठी व कन्नड नाव, त्याखाली शास्त्रीय नाव आणि त्याचा अर्थ असावा, असे आमचे मत आहे. विश्वस्तांनी एवढ्या खर्चास मंजुरी द्यावी. त्रिधारीची कुंडी आम्ही वाटेवरून हलवून भिंतीकडे ठेवत आहोत. पालकांपैकी कोणाकडे ब्रह्मकमळ असल्यास एक 'पान' शाळेत पाठवावे. मातीत खोचले की ते रुजते.