जुन्नरच्या वाटेवरचा मुक्काम

केसरी पाटील यांनी १९८४ मध्ये स्थापन केलेल्या ‘केसरी टूर्स’मध्ये वीणा पाटील यांची जडणघडण झाली. तेथून बाहेर पडून २०१३ मध्ये त्यांनी ‘वीणा वर्ल्ड’ उभी केली. मात्र त्यांचे खरे कर्तृत्व केवळ महिलांसाठी काढलेल्या सहलींत आहे. मध्यमवर्गीय मराठी स्त्री ही स्वतंत्र ग्राहक आहे, हे त्यांनी ओळखले. सहलीचा बेत नवऱ्याच्या रजेवर ठरणाऱ्या घरांत ही लहान गोष्ट नव्हती.

जुन्नर-आंबेगावात मात्र स्त्री यजमान म्हणून पुढे यायची आहे. २०१८ मध्ये जुन्नर पर्यटन तालुका जाहीर झाला; २०२५ मध्ये शिवनेरी जागतिक वारसा यादीत गेला. तरीही अष्टविनायक यात्रेची बस ओझर, लेण्याद्री आटोपून पुढे निघते. मुक्काम झालाच तर भक्तनिवासात. डिंभ्याच्या जलाशयाकाठून भीमाशंकरला जाणारा भाविकही बहुधा दर्शन घेऊन परततो. राज्याच्या २०२३ च्या ‘आई’ पर्यटन धोरणात महिला उद्योजकांना १५ लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजाचा परतावा आहे. परंतु कर्ज फेडायचे तर खोल्या भरल्या पाहिजेत, आणि यात्रेचे वेळापत्रक मुंबई-पुण्याच्या सहल कंपन्या ठरवतात.