आधी अनसोल्ड, मग कर्णधार: अजिंक्य रहाणेला आयपीएलमध्ये भाव का मिळत नाही?

नोव्हेंबर २०२४. जेद्दामध्ये आयपीएलचा महालिलाव सुरू होता. अजिंक्य रहाणेचं नाव पुकारलं गेलं आणि एकाही संघाने बोली लावली नाही. उरलेल्या खेळाडूंची नावं पुन्हा आली, तेव्हा कोलकाता नाइट रायडर्सने त्याला दीड कोटींच्या मूळ किमतीत घेतलं. त्याच लिलावात कोलकात्याने व्यंकटेश अय्यरवर २३.७५ कोटी मोजले होते. मार्च २०२५ मध्ये घोषणा झाली: कर्णधार रहाणे, उपकर्णधार व्यंकटेश!

रहाणेचा जन्म अहिल्यानगर जिल्ह्यातल्या आश्वी खुर्दचा (तालुका संगमनेर), वाढला डोंबिवलीत. ३६ धावांत ऑलआऊट झालेल्या भारताला २०२०-२१ मध्ये ऑस्ट्रेलियात मालिका जिंकून देणारा कर्णधार तो हाच. आयपीएलमध्ये मात्र त्याचं बिऱ्हाड कायम पाठीवर. मुंबई, राजस्थान, पुणे, पुन्हा राजस्थान, दिल्ली, कोलकाता, चेन्नई आणि पुन्हा कोलकाता.

यातले सगळे बदल खराब फॉर्ममुळे झालेले नाहीत. राजस्थानवर दोन वर्षांची बंदी आली म्हणून तो पुण्याकडून खेळला. २०१८ मध्ये चेंडू कुरतडण्याच्या प्रकरणात स्टीव्ह स्मिथ अडकला म्हणून राजस्थानचं कर्णधारपद त्याच्याकडे आलं आणि २०१९ च्या हंगामाच्या मध्यावरच ते स्मिथकडे परत गेलं. पुढच्या हंगामाआधी दिल्लीशी अदलाबदल झाली. रहाणेच्या बदल्यात राजस्थानला मयंक मार्कंडे आणि राहुल तेवतिया मिळाले. (हो, एका षटकात पाच षटकार मारणारा तोच तेवतिया.)

मग किंमत का घसरली?

लिलावात भाव वाढतो तो एकाच खेळाडूसाठी दोन संघ अडून बसले तर. नुसत्या गुणवत्तेने आकडा वर जात नाही. वरच्या फळीत टिकून खेळणारे भारतीय फलंदाज भरपूर आहेत आणि टी-२० मध्ये संघांना वेग हवा असतो. २०२२ मध्ये कोलकात्याने रहाणेला १ कोटीत घेतलं, तेव्हा त्याचा स्ट्राइक रेट १०४ च्या आसपास राहिला. म्हणजे १०० चेंडूंत जेमतेम १०४ धावा. पुढच्या लिलावात ८० हून जास्त कसोटी खेळलेला हा माणूस ५० लाखांच्या मूळ किमतीत चेन्नईला मिळाला.

तिथेही संधी आली ती मोईन अली आजारी पडला म्हणून. ८ एप्रिल २०२३ ला वानखेडेवर मुंबईविरुद्ध रहाणेने २७ चेंडूंत ६१ धावा कुटल्या. त्या हंगामात ३२६ धावा, स्ट्राइक रेट १७२! चेन्नईने विजेतेपद पटकावलं आणि रहाणे जागतिक कसोटी अजिंक्यपद फायनलसाठी भारतीय संघात परतला. तिथे त्याने ८९ आणि ४६ धावा केल्या. पस्तिशीला टेकलेल्या फलंदाजाने आपला खेळ असा बदलणं सोपं नाही. तरी २०२४ च्या हंगामात तो पुन्हा मंदावला आणि चेन्नईने त्याला सोडलं.

कोलकात्याचा २०२५ चा हंगाम फसला. गतविजेता संघ थेट आठव्या क्रमांकावर. कर्णधार म्हणून रहाणेवर टीका झाली आणि ती पूर्णपणे चुकीची नव्हती. पण संघाच्या सर्वाधिक ३९० धावा त्याच्याच होत्या. व्यंकटेशच्या १४२.

नोव्हेंबर २०२५ मध्ये संघांनी कायम ठेवलेल्या खेळाडूंच्या याद्या आल्या. कोलकात्याने २३.७५ कोटींच्या व्यंकटेशला सोडलं. दीड कोटींचा रहाणे यादीत होता.