वड्याची कढई आणि आपली करडई

अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरीवली, कुठल्याही स्टेशनाबाहेर पडा, वड्याची कढई तापलेली दिसेल. नोकरीला गेलेली आपल्याच गावची पोरं त्या वड्यावर दिवस काढतात. बटाटा इथला, बेसन इथलं. तेल मात्र बहुधा पामचं, इंडोनेशिया नाहीतर मलेशियातून आलेलं.

हे घडलं कसं? १९८६ साली सरकारने तेलबिया अभियान सुरू केलं आणि सात-आठ वर्षांत देश खाद्यतेलात जवळपास स्वयंपूर्ण झाला. १९९४ मध्ये पामतेलाची आयात व्यापाऱ्यांना खुली झाली. तेव्हा ६५ टक्के असलेला आयातकर १९९८ पर्यंत १५ टक्क्यांवर आला. स्वस्त तेलापुढे करडईचा भाव टिकेना. त्यात पीक काटेरी, काढणीला मजूर मिळेना. पेरा घटत गेला. आज देशाला लागणारं निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येतं.

आता तब्येतीचं बघा. पामतेलातली जवळजवळ निम्मी चरबी संपृक्त, म्हणजे रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवणारी. करडईच्या तेलात ती दहा टक्क्यांच्या आसपास. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवलं की आणखी घातक. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीत देशात दहा कोटींवर मधुमेही असल्याचा अंदाज आला. सगळा दोष तेलाचा नव्हे. मैदा, साखर, बैठं काम हेही आहेच. वडेवाल्यालाही बोल लावू नका. तो परवडेल तेच तेल घेणार.

खरी मेख आयातकरात आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या तेलावरचा मूळ कर २० टक्के केला, मे २०२५ मध्ये तो १० वर आणला. आठ महिन्यांत धोरण फिरलं, तर शेतकऱ्याने पेरणीचा बेत करावा कसा? कर ठरतो दिल्लीत. त्याची किंमत शेतात आपण मोजतो आणि शहरात आपली पोरं.

आपल्या हाती काय? भारी, ओल धरणारी जमीन असेल तर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत घरापुरती तरी करडई पेरा. 'परभणी कुसुम'सारखं सुधारित वाण घ्या, घाण्यावर तेल काढा, मुंबईच्या पोरालाही डबा पाठवा. तळणीचं तेल तीनदापेक्षा जास्त तापवू नका.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी शाळेच्या नि अंगणवाडीच्या आहारात कुठलं तेल येतं, हे पिशवीवर वाचून ग्रामसभेत सांगावं. लेकरं काय खातात, हे गावाला ठाऊक हवं.